साहेबरावांचं नाक

अनसूयामावशी म्हणजे माझी सख्खी मावशी आणि माझ्या रविवारांची वैरीण. महसूल खात्याच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली, पण कागदांनी काही तिला सोडलं नाही. लोकांच्या घराण्यांचा इतिहास शोधून द्यायचा उद्योग तिनं सिडकोतल्या घरी मांडला. मोडी फडाफडा वाचते, निजामाच्या वेळचे उर्दू कागदही अडखळत का होईना लावते. गाडी मात्र चालवत नाही. ती मी चालवते.

मागच्या वर्षी तिच्याकडे साहेबराव आले. वय एकसष्ट, निवृत्त मास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट. वडील गेल्यावर पेटीत त्यांची डायरी सापडली होती. वडील तलाठी. १९६५ सालच्या एका पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं : 'मुलगा घरी आणला. वय दोन. फुलंब्रीकडचा. नाव सांडू.' बाकी काही नाही. आपण दत्तक आहोत हे साहेबरावांना असं साठीनंतर कळलं.

"ताई, मला जमीन नको, हिस्सा नको," ते म्हणाले. "मला टाकलं होतं की दिलं होतं, एवढंच शोधून द्या." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

मावशीचा तर्क सरळ होता. ज्या घरात आठ-नऊ पोरं आणि खायला कमी, तिथूनच एखादं बाहेर जातं. मग काय, फुलंब्री तालुक्यात आम्ही भरलेली घरं शोधत हिंडलो. शाळांची जुनी रजिस्टरं पाहिली, ग्रामपंचायतीतल्या जन्माच्या नोंदी पाहिल्या, पारावरच्या म्हाताऱ्यांचं डोकं खाल्लं. तीन महिने गेले. माझी कंबर गेली, मावशीचा उत्साह काही जाईना. चहा प्रत्येक घरी मिळाला, पण कुणाचंच पोर कमी भरेना.

एप्रिलच्या एका दुपारी साहेबराव चौकशीला आले. उकाडा मरणाचा होता. त्यांनी चष्मा काढून रुमालानं तोंड पुसलं आणि मावशी कप हातात तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"उजव्या नाकपुडीवर काय आहे तुमच्या?"

"हे? देवीचा व्रण असेल. लहानपणापासून आहे."

"देवी काय एकच व्रण देऊन जाते होय? तोही इतका गोल?" मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "नाक टोचलंय तुमचं, साहेबराव! आणि मी मूर्ख बाई गावं पालथी घालत बसले."

आमच्याकडे ज्या आईची लेकरं जगत नाहीत ती पुढच्या मुलाचं नाक टोचते आणि त्याला सांडू, दगडू असलं काहीतरी टाकाऊ नाव ठेवते. नजर लागू नये, काळानं ढुंकून बघू नये म्हणून. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी डायरीतलं नाव तिनं मुकाट वहीत उतरवून घेतलं होतं. जन्मभर कागद बघितलेल्या बाईनं समोर बसलेल्या माणसाचं नाकच बघितलं नव्हतं!

"भरलेली घरं सोड," ती मला म्हणाली. "रिकामं घर शोधायचंय."

जन्माच्या नोंदी सोडून मृत्यूच्या नोंदी चाळल्या आणि ओळीनं लेकरं गेलेलं ते रिकामं घर आठ दिवसांत सापडलं. आशाबाई, वय चौऱ्याऐंशी, पुतण्याकडे राहणाऱ्या. मावशीचा एक नेम आहे. आधी आईला एकटीला गाठून विचारायचं, ती हो म्हणाली तरच लेकराला कळवायचं. म्हणून आम्ही साहेबरावांना न सांगता गेलो. आशाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. मावशीनं तलाठ्यांचं नाव घेतलं आणि त्यांचे हात सुपातच थांबले.

"जित्ता हाय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आहे, आजी. मास्तर होते. नातवंडं आहेत त्यांना."

आशाबाई पदरात तोंड घालून रडल्या, मग आपणच डोळे पुसून बोलायला लागल्या. "तीन लेकरं गेली माझी. ह्याला बी ताप आला. जाणती माणसं म्हणली, ह्या घरात नाय जगायचं, दुसरीच्या वटीत घाल. तलाठ्याच्या बायकुला मूल नव्हतं. घातला तिच्या वटीत. मंग त्यांची बदली झाली. म्या कधी इचारलंच नाय. इचारलं आन् गेला म्हणले तर काय करू?"

भेटायचं का, असं मावशीनं विचारलं. "व्हय, आन त्याला," म्हातारी म्हणाली. मावशीनं तिथूनच फोन लावला. "साहेबराव, टाकलं नव्हतं. दिलं होतं. तुम्ही जगावं म्हणून दिलं होतं." पलीकडून जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला. मला हसू आलं आणि रडूही आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझी कंबर दुखत नव्हती.

पुढच्या रविवारी साहेबराव त्या ओसरीवर आईसमोर मांडी घालून बसले. आशाबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी अंगठ्यानं लेकाची उजवी नाकपुडी चाचपली, टोचल्याची खूण सापडली तशी मान हलवली.

"नाव काय ठिवलं रं त्यांनी?"

"साहेबराव."

"आगं बया! येवढं मोठं?" त्या दचकल्याच. मग लेकाच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "आसू दे. आता चालतंय."