हाताच्या पाठीवर पारखलेला दिवा

माशांच्या टाकीवर दिवा कशासाठी लावतात, सांगा बरं? मासे दिसावेत म्हणून? मग चुकलात. टाकीत झाडं असली की दिवा म्हणजे त्यांचं जेवण. आणि कमी खाणाऱ्याला कोंबून भरवलं की काय होतं, ते मी ठिणगीदादाच्या खोलीत पाहून आलेय.

ठिणगीदादा आमच्या गल्लीतला वेल्डर. उभा जन्म लोकांची फाटकं आणि जिने जोडण्यात गेला. स्वतःच्या खोलीला मात्र एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला नाक लावून बसलेली. कंत्राटदाराने तिघांत मिळून एक शील्ड दिली होती, काळ्या काचेची, हातात धरून तोंडासमोर ठेवायची. एका हातात वेल्डिंगचा होल्डर, दुसऱ्यात लोखंड, मग शील्ड काय दातांत धरायची? छोटे टाके सगळे उघड्या डोळ्यांनीच मारायचे. मी त्या कंत्राटदाराच्या दारात जाऊन भांडले. "तुम्ही कोण विचारणाऱ्या?" म्हणाला. मी कोण ते त्याला चांगलंच कळलं, पण दादाच्या डोळ्याचा जळलेला पडदा काही परत आला नाही.

आता समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी त्याला भोक दिसतं. म्हणून तो सगळ्यांकडे तिरका बघतो. चेहरे गेले, अक्षरं गेली, रंगांपैकी हिरवा तेवढा अजून कळतो. उरलेलंही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. त्यावर ह्या माणसाने काय करावं? भंगारातून काचेची टाकी आणली, तिला लोखंडी स्टँड स्वतः चाचपत जोडला आणि आत सावलीत तगणारं फर्न आणि चार गप्पी मासे सोडले. "डोळे जायच्या आत पोटभर हिरवं बघून घेतो," म्हणाला.

दिवा आणायला आम्ही दोघं गेलो. माशांच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, "ताई, हा खास झाडांचा लाइट. लाल, निळा, सगळा आहे यात."

किंमत ऐकून दादाने विचारलं, "यात मासेपण येतात का?"

मी त्याला ओढत पलीकडच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे नेलं. टाक्या पाळणाऱ्यांना विचारून विचारून मी एवढं शिकले होते की फर्नला न्हाणीघरात लावतो तसला साधा पांढरा एलईडी पुरतो, आणि तोही दिवसातून सहा-सात तास. दुकानदाराने बल्ब पेटवून दाखवला. दादाने त्याच्यासमोर हाताची पाठ धरली.

"हा थंड आहे."

"एलईडी थंडच असतो, दादा."

"पुढारीणबाई, जन्म गेला माझा उजेडात. ऊब नाही तो उजेड नाही."

डोळ्यांवरचा भरवसा उडाल्यापासून तो दिव्याची ताकद कातडीवर मोजायचा. तरी माझ्या तोंडाला कोण लागणार, म्हणून बल्ब घेतला.

मध्ये युनियनच्या संपाच्या धावपळीत मला तिकडे फिरकता आलं नाही. गेले तेव्हा टाकीवर कुठल्यातरी साइटवरचा हॅलोजन फोकस, दिवसभर चालू. पाणी कोमट. मासे वर येऊन तोंड वासत होते. काचेवर, पानापानावर शेवाळाची गोधडी.

"आलीस? बघ कसं रान माजलंय!" दादा म्हणाला. "विचार तुझ्या वहिनीला."

वहिनी बाटल्यांच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. तिने माझ्याकडे बघून मानेने 'नको' केलं आणि तोंडाने म्हणाली, "हो ना. हिरवंगार."

माझ्या जिभेला लगाम नाही. "रान कसलं डोंबलाचं? शेवाळ आहे. फर्न कुजतंय आणि मासे शिजतायत."

दादाने बाही सारली, हात पाण्यात घातला. पान बोटांत आलं ते बुळबुळीत, तुटूनच. त्याने वास घेतला.

"कधीपासून?"

"झाला महिना," वहिनी म्हणाली.

"आणि तू रोज हिरवंगार म्हणत होतीस."

"तुम्ही हसत होतात हो. किती दिवसांनी हसत होतात."

त्याने हातातलं पान खाली टाकलं. मग मला म्हणाला, "तो थंड बल्ब लावला तर?"

"मुळं धड आहेत. फर्न जगेल. पण तेवढ्याशा उजेडात तुला..."

"दिसणार नाही. बोल की! एरवी तर तुला माइकसुद्धा लागत नाही."

फोकसची पिन त्यानेच उपटली. आम्ही काच खरवडली, कुजकी पानं कापली, थोडं थोडं करत पाणी बदललं आणि साधा बल्ब लावला. दादा स्टुलावर बसून मान तिरकी करून बघत राहिला. ह्या बाजूने, मग त्या बाजूने.

"काळं आहे सगळं," म्हणाला. "मासे वर आहेत का खाली?"

"खाली गेले," वहिनी म्हणाली.

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "तू सांग."

"खाली गेले, दादा. खरंच."

"तीही 'खरंच'च म्हणायची."

आता तो आम्हा दोघींचंही खरं धरत नाही. वहिनी सांगते नवं पान फुटलंय, मी सांगते फुटलंय, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पान खरोखर फुटलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. त्याच्याशी काही नातं नसलेलं, त्याच्या हसण्यावाचून काही अडत नसलेलं माणूस हवंय. वेल्डिंगच्या दुकानामागची शेवटची खोली, संध्याकाळी दार उघडंच असतं. या, स्टुलावर बसा, टाकीत बघा आणि दिसेल ते त्याला सांगा. पान पिवळं पडलं असेल तर पिवळं म्हणा, मासा मेला असेल तर मेला म्हणा. फक्त त्याला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोलू नका.