गोडी वाळू, खारी वाळू

दुबेजींनी मला फसवलं. साधी वाळू दाखवून मशीन बनवून घेतलं आणि चाचणीत समुद्राची खारी वाळू भरली.

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे. मिरची-मसाला सुकवायची मायक्रोवेव्ह मशीनं आम्ही बनवतो. दुबेजी एका लॅबचे कन्सल्टंट. समुद्रतळाच्या वाळूत गॅस हायड्रेट असतं, म्हणजे बर्फाच्या जाळीत अडकलेला मिथेन. जाळी वितळली की गॅस सुटतो. कमी विजेत जास्त गॅस काढायचा, म्हणून त्यांना माझा मायक्रोवेव्ह चेंबर हवा होता.

लॅबमधल्या चाचणीत वाळूच्या बाहेरच्या थरातलं पाणी उकळलं. आतला गोळा गोठलेलाच. गॅस मीटरचा काटा जेमतेम हलला.

"डिझाइन फॉल्ट," दुबेजी लॅबच्या मॅडमना म्हणाले. "मसालेवाले आहेत. सायन्स कुठून येणार?"

माझं डोकं सणकलं. "मग मसालेवाल्याच्या दारात आलात कशाला, भिया?"

"पवारजी, ओरडू नका," मॅडम म्हणाल्या. "कारण सांगा. नाही तर उद्या मशीन परत घेऊन जा."

परत आलेलं मशीन म्हणजे पुढे कुठलीच लॅब मला विचारणार नाही.

लहानपणी देपालपूरच्या मंडीत मी पोती उचलली. तिथली रीत अशी की सौदा ठरला की मूठभर माल पुडीत बांधायचा आणि वर देणाऱ्याची सही घ्यायची. दुबेजींनी दिलेल्या वाळूचीही पुडी माझ्याकडे होती. स्कूटर काढली, घेऊन आलो. चेंबरमधली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली. खारट. पुडीतली ठेवली. अळणी.

मॅडमनी चाखली नाही, खारेपणा मोजायचं मीटर लावलं. मीटर आणि माझी जीभ एकच बोलले.

"दुबेजी, स्पेसिफिकेशनमध्ये मीठ का नाही?"

"अहो मॅडम, इतना तो चलता है..."

"चलता है?" मी म्हणालो. "पोह्यात मीठ विसरा, घरचे काय म्हणतात बघा!"

बर्फ मायक्रोवेव्ह फारसा शोषत नाही. पाणी शोषतं, आणि खारं पाणी तर अधाशासारखं. बाहेर वितळलेलं पाणीच सगळी ऊर्जा खात होतं. ओल्या मिरचीचंही तेच होतं, साल करपते आणि आत दमट राहते. उपायही तोच. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, म्हणजे उष्णता आत सरकते. शिवाय खालचा वॉल्व्ह उघडून पाणी काढत राहायचं.

दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाळूचं नवं सॅम्पल भरून तसंच केलं. काटा हलला, मग चढतच गेला. वीजही कमी लागली. मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं, सकाळपासून उभाच होतो.

मशीन लॅबमध्येच राहिलं. ज्याचा माल, त्याची सही पुडीवर हवी, एवढाच धडा.

पण पहिल्या चाचणीच्या रिपोर्टात 'डिझाइन फॉल्ट' अजून तसंच आहे. खाली दुबेजींची सही. पुडीवरही त्यांचीच सही. दोन्हींतली खरी कुठली, ते त्यांनी सांगावं. लेखी.