उलट्या क्रेटवरचं जेवण

विद्यापीठाच्या वसतिगृहात नळ, पाइप आणि तुंबलेल्या मोऱ्या यांच्यामागं मी नोकरी काढली. तिथल्या खानावळीत भांडी घासणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही मावशीच म्हणायचो. कामात खोट नसलेली माणसं मी फार थोडी पाहिली. त्यांत या पहिल्या. आणि एकदा ठपका आला तो त्यांच्यावरच. तो बरोबर होता की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचा नवरा गोदामात ओझी उचलायचा. फळी निसटून पायावर पडली आणि तो घरी बसला. तेव्हा मावशी कामाला लागल्या. "पाय अधू झालाय, जीभ धडधाकट आहे," असं त्या नवऱ्याबद्दल सांगायच्या. दोन मुली उजवल्या, त्या ताटं घासूनच.

भांडी घासायची खोली जेवणाच्या हॉलला लागून. मधल्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक खिडकी. मुलं जेवून उठली की खरकटी ताटं त्या खिडकीतून आत सरकवायची. पलीकडून फक्त हात यायचे. मावशी खरकटं काढायच्या, ताट कढत पाण्यात बुडवायच्या, घासायच्या आणि शेवटी मागच्या बाजूवरून अंगठा फिरवायच्या. तेलकटपणानं अंगठा घसरला तर ताट परत पाण्यात. "पुढून सगळेच घासतात," त्या म्हणायच्या. नवीन आलेल्या बायका या अंगठ्याला कंटाळून दुसरीकडं काम बघायच्या.

आम्ही कामगार सगळ्यांचं झाल्यावर जेवायचो. आचारी चुलीपाशी उभ्यानं जेवायचा. मावशी मोरीजवळ एक प्लॅस्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर बसायच्या. हॉलमध्ये कुणी जायचं नाही. जाऊ नये असा नियम नव्हता. कुणी जातच नव्हतं.

एका वर्षी एक मुलगी आली. लांबची होती, तिची बोली निराळी. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा, जणू प्रत्येक गोष्ट विचारतेच आहे. तिचं ताट खिडकीतून भरलेलं परत येऊ लागलं. एक दिवस मावशींनी ते ताट धरून ठेवलं आणि खिडकीतून ओरडल्या, "टाकायचंच असेल तर वाढून कशाला घेतेस गं?"

हात तेवढा मागं गेला.

दुसऱ्या दिवशी मी मोरीखाली पालथा पडून पाइप खोलत होतो. मावशींनी माझ्या पायाला पाय लावला. "बाहेर या, भाऊ. हे बघा."

खिडकीतून दोघांनी पाहिलं. मुलगी ताट घेऊन उभी. ज्या टेबलाकडं जाईल तिथल्या रिकाम्या खुर्चीवर लगेच एखादी बॅग यायची. शेवटी ती एका टोकाला बसली आणि शेजाऱ्याकडं मीठ मागितलं. समोर एक मुलगा होता, चष्मा कपाळावर चढवून बसणारा. त्यानं तिचंच वाक्य तिच्याच सुरात परत म्हटलं. टेबल हसलं. मुलीनं मीठ घेतलं नाही. पुढं काही मागितलंही नाही.

"मेला पोपट कुठला!" मावशी म्हणाल्या. तेच त्याचं नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी मोरीजवळ दोन क्रेट उलटे घातलेले. दुसऱ्यावर धुतलेलं फडकं अंथरलेलं. मावशींनी मुलीला हाताला धरून मागं आणलं, बसवलं आणि गरम वाढलं. मुलगी जेवली. ताट चाटूनपुसून. मग ती रोजच यायला लागली.

मावशीही तिच्या बोलण्याला हसायच्या. पण मग आपल्याकडचा एखादा तिरपा शब्द फेकायच्या आणि ती हसायची. फिट्टंफाट. अभ्यासाचं काही मावशींना कळत नव्हतं, तरी त्या रोज विचारायच्या, "आज काय शिकवलं?" आणि ती सांगत असताना मान डोलवायच्या.

पोपटाच्या टोळीला मात्र तिच्यासाठी आयतं नाव मिळालं. मोरीवाली. ती हॉलमधून मागच्या दाराकडं निघाली की कुणीतरी म्हणायचं, "मोरीवाली निघाली, वाट द्या." मी स्वतः ऐकलं आणि मावशींना सांगितलं.

"भुंकू देत," त्या म्हणाल्या. "पोट भरतंय ना पोरीचं?"

मलाही ते पटलं.

पुढं विद्यापीठात भेदभाव आणि छळ रोखायला समिती नेमली गेली. भिंतीवर 'गप्प बसू नका' असे फलक लागले. तक्रारपेटी मीच ठोकली, पातळी लावून, सरळ. मग आम्हा कामगारांची बैठक झाली. समितीच्या मॅडम तरुण होत्या, मवाळ बोलणाऱ्या. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कोण कुणाच्या पुढं हे न कळल्यामुळं सगळे अवघडून बसले. मॅडम म्हणाल्या, "टोमणे, नकला, कुणाला मुद्दाम वेगळं बसवणं, हे सगळं छळात येतं. दिसलं तर आम्हाला सांगा."

मावशी माझ्या कानाशी लागल्या. "बरोबर बोलतेय पोरगी."

थोड्या दिवसांनी मॅडम भांडी घासायच्या खोलीत आल्या. एका मुलीला मोरीशेजारी बसवून जेवायला घालतात, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी नळाचा वायसर बदलत होतो.

"मावशी, इथं कुणी विद्यार्थी जेवतं का?"

"जेवते की. या, दाखवते." मावशींनी हौसेनं क्रेट दाखवला. फडकं सारखं केलं.

"तिला इथं कुणी बसवलं?"

"मी."

"तिनं मागितलं होतं?"

"मागायला तोंड उघडावं लागतं. उघडलं की तो पोपट तयारच."

"म्हणजे तिला त्रास होतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? डोळे आहेत मला."

"मग कुणाला सांगितलंत?"

मावशी घासणी पिळत राहिल्या. "जेवायला घातलं ना," त्या म्हणाल्या.

मॅडमनी ओल्या फरशीकडं पाहिलं, खरकट्याच्या बादलीकडं पाहिलं. "तुमचा हेतू चांगला असेल. पण सगळे हॉलमध्ये आणि ती एकटी मोरीपाशी. हा तिचा अपमान होतो, मावशी."

"मग मी कुठं जेवते?"

मावशींनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं वेगळं आहे." मग आपलंच बोलणं कानावर पडल्यासारख्या थांबल्या. "नाही. तेही बघायला हवं," असं हळू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चौकशी होईपर्यंत विद्यार्थ्यांना मागच्या खोलीत यायला बंदी झाली. मावशींना समितीपुढं हजर राहायला सांगितलं. खानावळीचा मॅनेजर म्हणाला, "काम जाऊ शकतं, तयारी ठेवा." ही गोष्ट मुलीच्या कानावर गेली. ती मागच्या दाराशी येऊन बाहेरच उभी राहिली.

"मावशी, माझ्यामुळं तुमच्यावर आलं. मी उद्या दुपारी जेवून घरी जाते. नाही शिकायचं मला."

"वेडी का काय! इतक्या लांबून आलीस ती परत जायला?"

पण मुलगी निघून गेली. मावशी क्रेटवर बसल्या. इतकी वर्षं मी त्यांना ताटं पडलेली असताना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"भाऊ, माझी चूक कुठं झाली सांगा. पाइप कुठं गळतो ते दाखवता ना, तसं बोट ठेवून सांगा."

मी प्रयत्न केला. "तुम्ही इथं बसवली म्हणून ती जेवली."

"हो."

"तुम्ही इथं बसवली म्हणून तिला नाव पडलं."

"तेही हो."

"मग?"

"मग काय? मीच तुम्हाला विचारतेय!"

मला गळती सापडली नाही. एकच पाइप, दोन्हीकडं पाणी नेणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी हॉलमध्ये आली. पाठीला भरलेली बॅग. ताट वाढून घेतलं आणि मधोमध उभी राहिली. बसायचं कुठं ते कळेना. मागं यायला बंदी आणि पुढं खुर्च्यांवर बॅगा. मावशी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी रबरी एप्रन काढून खुंटीला लावला, हात पुसले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि दारातून सरळ हॉलमध्ये गेल्या. आचारी डाव हातात धरून बघत राहिला.

मावशींनी मुलीचं मनगट धरलं आणि तिला पोपटाच्या टेबलाशी नेलं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बॅग होती.

"जागा धरलीय," पोपट म्हणाला.

"कुणासाठी?"

"मित्रासाठी."

"मित्र दिसत नाही, बॅग दिसते. तिला भूक लागलीय का?" मावशींनी बॅग उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मुलीला तिथं बसवलं आणि स्वतः पलीकडची खुर्ची ओढली.

"मावशी, वाट चुकलात का?" पोपट म्हणाला.

"असेल. सरक तिकडं."

कुणीतरी खुसखुसलं. मावशींनी दोन घास खाल्ले आणि मुलीला म्हणाल्या, "मीठ माग."

मुलीची मान खाली. मग तिनं मीठ मागितलं, तिच्याच बोलीत, शेवटी आवाज वर नेत. पोपटानं नक्कल केली. केलीच त्यानं, मावशी समोर असतानाही. पण मावशी चावता चावता त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या, आणि या वेळी हसायला एकच जण पुढं आला. त्यानंही हसणं खोकल्यावर नेलं. टेबलाच्या टोकाच्या एका मुलीनं मीठ पुढं सरकवलं.

पुढचं मी नीट पाहू शकलो नाही. खिडकीत ताटांचा ढीग लागला होता आणि घ्यायला कुणी नव्हतं. पाना बाजूला ठेवून मी घासायला लागलो. पाणी इतकं कढत की हात लाल झाले. मी घासलेली सगळी ताटं मावशींनी नंतर अंगठा फिरवून परत पाण्यात टाकली.

मुलगी गेली नाही. समितीपुढं मावशींबरोबर तीही गेली. तोवर सगळ्यांनी तिला क्रेटबद्दलच विचारलं होतं. तिथं तिनं पोपटाबद्दल सांगितलं, बॅगा, नकला, नाव, सगळं. मीठ देणाऱ्या मुलीनं दुजोरा दिला. पोपटाला त्या वर्षापुरतं वसतिगृह सोडावं लागलं, बाकीच्यांनी माफी मागितली. मावशींचं काम राहिलं, पण ताकीद मिळाली. छळ दिसला तर कळवायचं, आपल्या मनानं वेगळी सोय करायची नाही. त्यांनी सही केली.

"कशाबद्दल ताकीद?" मी विचारलं.

"जेवायला घातल्याबद्दल."

"असं म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. मॅडम तर चांगलंच बोलत होत्या. कळवायला हवं होतं, हेही पटलं मला." त्यांनी एक ताट पाण्यात बुडवलं. "पण त्या दिवशी पोरीला भूक होती ना, भाऊ."

मॅडमनी हॉलमध्ये कामगारांसाठी टेबल ठेवून घेतलं. आचारी दोनदा बसला आणि खुर्ची रुतते म्हणून चुलीपाशी परतला. मावशींनी आठवडाभर बसून पाहिलं. तिथं पाय लांब करता येत नाहीत, म्हणाल्या, आणि पुन्हा क्रेटवर बसल्या. मॅडम विचारायला आल्या, "तुम्हाला इथंच आवडतं, की तिथं नको वाटतं?" मावशींनी पाय लांब केले. "ते मलाही सांगता येणार नाही," म्हणाल्या.

मुलगी आता मधल्या टेबलाला बसायची, दोन-तीन मैत्रिणींत. जेवण झालं की ताट सरकवताना वाकून खिडकीतून डोकं आत घालायची आणि काहीतरी तिरपं बोलायची. मावशी तसंच तिरपं उत्तर द्यायच्या. मागं रांग असायची, त्यामुळं तेवढंच.

"ताट रिकामं येतं," मावशी एकदा म्हणाल्या. "चांगलं झालं ना?"

"चांगलंच झालं."

"मग मला चुकल्यासारखं का वाटतं?"

मी नळ उघडून बघितला, बंद केला.

दुसरा क्रेट त्यांनी उचलला नाही. त्यावरचं फडकं त्या रोज धुवायच्या आणि वाळलं की पुन्हा तिथंच अंथरायच्या.