भोपळ्याचा कान

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गोठ्यातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. पण त्या दिवशी मला राग आला तो अगदी रास्त होता, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

निमगाव सावाला आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी बोलत्या पुस्तकांचे आवाज साफ करते. पुण्याच्या एका स्टुडिओत कुणीतरी पुस्तक वाचतं, त्याची फाईल माझ्याकडे येते. मी त्यातले खोकले काढते, पानांची सळसळ काढते, कानाला टोचणारे ‘स’ आणि ‘श’ मऊ करते आणि फाईल परत पाठवते. हे मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर मोबाईलवर बघून बघून, चुकत माकत मीच शिकले. आणि त्या दिवशी माझी फाईल दुसऱ्यांदा परत आली.

“आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतोय हो,” स्टुडिओतल्या बाई फोनवर म्हणाल्या. “गावाकडे कान तयार व्हायला वेळ लागतो, मी समजू शकते. आणखी एकदा बघा. नाहीतर मग दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.”

बाई गोड बोलल्या, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

फोन संपला तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दारातच उभ्या होत्या. कांद्याची लागण तोंडावर आली होती आणि शिवारात बाया मिळत नव्हत्या.

“आता फाईल परत आली ना, तर ठिव ते डबडं गुंडाळून आन चल लागणीला,” त्या म्हणाल्या. “घरात धडधाकट सून असून मी दुसऱ्यांच्या दारात बाया हुडकत फिरती. बरं दिसतं का?”

लागणीचा मला कंटाळा नाही. वाकून वाकून कंबर मोडेपर्यंत मीही रोपं लावलेली आहेत. पण हे दुसरं काम माझं होतं, मी मिळवलेलं होतं, आणि मला ते हवं होतं. ते गेलं असतं तर मी लागणीला गेले असते आणि रोज प्रत्येक रोपावर राग काढला असता.

माझं कोडं असं होतं की माझ्या हेडफोनमध्ये तीच फाईल झकास ऐकू येत होती. मग आमच्या ह्यांनी ती ट्रॅक्टरवरच्या स्पीकरला लावली. पुस्तक वाचणाऱ्या बाई खरंच गोधडीत शिरल्या होत्या! म्हणजे एक तर माझे कान खोटं सांगत होते, नाहीतर हेडफोन. मी माझ्या कानांची बाजू घेतली.

स्टुडिओत कुठल्या हेडफोनवर फाईल तपासतात ते मी तिथल्या फोनवाल्या बाईंना विचारून घेतलं. नारायणगावला ह्यांच्या ओळखीचा एक साउंडवाला आहे, त्याच्याकडे नेमका तोच हेडफोन निघाला. त्याने तो एका दिवसाच्या बोलीवर दिला.

नुसतं आलटून पालटून ऐकून भागत नाही. कान फार लबाड असतो, दोन मिनिटांत कशालाही सरावतो. त्यासाठी मोजावं लागतं. अगदी खालच्या घुमण्यापासून डासाच्या गुणगुणीपर्यंत चढत जाणारा एक सूर हेडफोनमध्ये सोडायचा, चिमुकल्या माईकने तो ऐकायचा, आणि कोणता सूर किती मोठा झाला याची रेघ लॅपटॉपने काढायची. पण त्यासाठी हेडफोन डोक्यासारख्या कशावर तरी घट्ट बसायला हवा, आणि माईक कानाच्या जागी.

मी घरभर नजर फिरवली. माळ्यावर लाल भोपळा होता, आत्यांनी घारग्यांसाठी राखून ठेवलेला. आमच्या ह्यांच्या डोक्याएवढाच. मी तो खाली काढला, स्क्रूड्रायव्हरने बाजूला भोक पाडलं, माईक आत बसवला आणि वर हेडफोन चढवला. भोपळा भलताच रुबाबदार दिसायला लागला.

तेवढ्यात आत्या आल्या.

“अगं बया! डांगराला भोक पाडलंस? तू?”

मी चमकले. आमच्याकडे आख्ख्या डांगराला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नसते. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बायकांनी चिरायचं. रागाच्या भरात हे माझ्या साफ ध्यानातून गेलं होतं.

“सुरी कुठं लावली, आत्या? स्क्रूड्रायव्हर लावलाय.”

“जिभेला हाड न्हाई तुझ्या! आता कोन खानार ते?” त्या तरातरा चुलीकडे निघून गेल्या. मलाही वाईट वाटलं, पण भोक तर पडलं होतं.

पहिली रेघ निघाली ती बघून मी कपाळावर हात मारला. खालचा घुमणारा आवाज जवळजवळ गायब. भोपळ्याला खाचा असतात, आणि त्या खाचांतून आवाज गळत होता. मी परातीतलं भिजवलेलं बाजरीचं पीठ आणून खाचांत थापलं. हेडफोनचा दाब पडताच त्याला भेगा गेल्या. रेघ जिथल्या तिथे.

चुलीपाशी बसून आत्या सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

“बाजरीला कुठं चिकटपना आसतो? भाकरी थापताना रोज बगतीस ना? गव्हाची कनिक घे.” आणि मूठभर कणीक माझ्यासमोर आपटून गेल्या.

कणीक चपखल बसली. दुपारी लाईट गेली, शिवारातल्या मोटारी बंद पडल्या आणि खोली कशी गप्प झाली. लॅपटॉपच्या बॅटरीवर मी आधी साउंडवाल्याचा हेडफोन मोजला, मग त्याच जागी माझा. भोपळा म्हणजे काही खरा कान नव्हे, पण दोघांनाही कान तोच होता, त्यामुळे दोघांतला फरक खरा होता.

आणि फरक काय होता! जिथे ‘स’ आणि ‘श’ राहतात, तिथे माझ्या हेडफोनची रेघ चांगली उंच चढली होती. तो मला प्रत्येक ‘स’ फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडून ऐकवत होता. म्हणून मी तो कापत होते, पुन्हा पुन्हा कापत होते, आणि वाचणाऱ्या बाईंचा आवाज मीच गोधडीत घालत होते.

मग जिथे चढ होता तिथे तेवढाच उतार, असं मी लॅपटॉपमध्ये माझ्या हेडफोनसाठी लावून घेतलं. परत आलेली फाईल ऐकली. आवाज दबलेला! मलाही दबलेला ऐकू आला! आपलं बिघडलेलं काम ऐकून इतका आनंद झालेली बाई पंचक्रोशीत दुसरी नसेल. मी एवढ्याने ओरडले की हे गोठ्यातून धावत आले.

“काय झालं? जमलं का?”

“अहो, माझे कान चांगले आहेत!”

मूळ फाईल घेऊन मी सगळं काम पहिल्यापासून केलं. आता वाचणाऱ्या बाई समोर बसल्यासारख्या वाटत होत्या. वाक्य सुरू करण्याआधीचा त्यांचा श्वाससुद्धा कळत होता.

फाईल पाठवली. भोपळा कोपऱ्यात कणीक लावून बसून राहिला, त्याला कुणी हात लावेना. मी वरवर हसत होते, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे.

शेवटी स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर चालू केला.

“अहो, एकदम स्वच्छ! काही बदलायचं नाही. कुठल्या स्टुडिओत जाऊन ऐकलंत?”

“भोपळ्यावर,” मी म्हणाले.

बाई खूप हसल्या. त्यांना चेष्टा वाटली. मग म्हणाल्या, पुढचं आख्खं पुस्तक तुम्हालाच पाठवते.

तेवढ्यात शेजारच्या काकी अंगणातून विचारत आल्या, “काय वो, तुमची सून येनार ना उद्या लागनीला?”

मी तोंड उघडणार, तोच आत्या बोलल्या.

“न्हाई. तिला तिचं काम हाय. मी येती.”

काकी गेल्या. आत्यांनी कोपऱ्यातला भोपळा उचलून आणला, कणीक खरवडून काढली, विळी माझ्यापुढे सरकवली. हे दारातच उभे होते. मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं.

“त्याच्याकडं काय बगतीस?” आत्या म्हणाल्या. “तूच फोड.”