गुण्यामास्तरांचा शब्द

मास्तर कुठेही गेले तरी आधी शर्टाच्या खिशातला गुण्या काढायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, सुताराकडे आणि फिटरकडे असते ती. तिच्या वजनाने मास्तरांचा खिसा कायम ओघळलेला असे. टपरीचं बाकडं, बँकेचं काउंटर, जिन्याची पायरी, समोर येईल त्याला ते गुण्या लावायचे, एक डोळा मिटून फटीतून उजेड दिसतो का ते बघायचे आणि निकाल जाहीर करायचे. त्यांच्या पुतण्याने नायगावला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी भटजींच्या देखत त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला गुण्या लावला आणि म्हणाले, "आरं, ही भिंत वसईला चाल्लीय!" पुतण्या वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा होतो. फोर्टातल्या एका ऑफिसात परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करण्यात माझी बावीस वर्षं गेली होती. मग ते काम दुसऱ्या शहरातलं एक सॉफ्टवेअर करू लागलं. ऑफिसात माझ्याइतकं चांगलं इंग्रजी ड्राफ्टिंग कुणाचंच नसल्यामुळे आम्हाला कमी केल्याची पत्रंही मीच लिहिली. स्वतःच्या पत्रात 'आपली सेवा मोलाची होती' असं एक वाक्य जास्तीचं घातलं. साहेबांनी ते न वाचताच सही केली.

तीन महिने मी फुलपाड्याच्या घरात बसून अर्ज पाठवले. आमची ही बालवाडीत शिकवते. मुलीचं बारावीचं वर्ष होतं आणि घर हिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. एक दिवस हिनेच चंदनसारच्या सेंटरचं पत्रक माझ्या हातात ठेवलं. नोकरी गेलेल्या लोकांना नवं काम शिकवायचं सेंटर होतं ते. दारावरच्या बोर्डावर कॉलेज, कारखानदारांची संघटना, सरकारी योजना अशी सहा बोधचिन्हं आणि खाली 'प्रादेशिक कौशल्य भागीदारी' अशी अक्षरं होती. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. एवढी बोधचिन्हं जिथे आहेत तिथे पत्रव्यवहार असणार, आणि पत्रव्यवहार असेल तिथे माझ्यासारखा माणूस लागणारच. तिथल्या बाईंनी माझा अर्ज वाचला, अर्जाच्या भाषेचं कौतुक केलं आणि मला मेंटेनन्स फिटरच्या वर्गात टाकलं. जागा तेवढ्याच शिल्लक होत्या.

पहिल्या दिवशी मी नवी वही आणि तीन रंगांची पेनं घेऊन गेलो. मास्तरांनी वहीला गुण्या लावला. "वही सरळ हाय," ते म्हणाले. "आता हात दाव." मी हात पुढे केले. मास्तरांनी तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "असं हात मी बारशालाच बघतो." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण न हसून जाणार कुठे?

मास्तर मूळचे खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातले. तरुणपणी एका मोठ्या कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणत आणि नावाने कुणालाच हाक मारत नसत. ज्याचा जो जुना धंदा तेच त्याचं नाव. वर्गात एक 'रिक्षा' होता, एक 'पतपेढी' होता. माझ्या शेजारी साळुंखे नावाचा बाइंडर होता, त्याचा प्रेस बंद पडला होता, म्हणून तो 'छापखाना'. मी अर्थातच 'हापिस'. मी लोखंड घासायला घेतलं की म्हणायचे, "हापिस, कानस म्हंजे खोडरबर नाय. पुडं जाताना जोर लाव, मागं येताना उचल." मला ते नाव फार लागायचं. एकदा मी त्यांना माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा हाय. आता कानस उचल, हापिस."

भागीदारीची एक कमिटी होती आणि तिची महिन्याला मीटिंग भरायची. मीटिंगचं इतिवृत्त लिहायला कुणी मिळेना, तेव्हा मी हात वर केला. त्या सेंटरमधले माझे सगळ्यात सुखाचे तास ते. पडद्यावर आलेख यायचे, 'मागणी आणि पुरवठ्यातील दरी' असे शब्द यायचे आणि मी ते सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचो. मास्तर कोपऱ्यात बसून बिस्किट चहात बुडवायचे. एकदा अध्यक्षांनी त्यांना मुद्दाम विचारलं, "मास्तर, तुमचं काय मत?" मास्तर म्हणाले, "मानसं हायत, कामंबी हायत. मदी चालत कोन जात नाय. मी जातो." हे वाक्य इतिवृत्तात कसं बसवावं ते मला कळेना, म्हणून मी ते वगळलं.

ते खरोखरच जायचे. दर शनिवारी दुपारी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्यागाळ्यांतून हिंडायचे. कधी मलाही बरोबर घ्यायचे. शिरताना मालकाला रामराम करायचे, मग मशीनजवळ जाऊन स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ऐकत राहायचे. "शेट, हिचा बेअरिंग बोलतो. हिच्यावर कोन असतो?" मालक म्हणायचा, "माणूसच मिळत नाही, मास्तर." मग मास्तर म्हणायचे, "माज्याकडं एक हाय. अजून दोन हप्ते थांब." दोन हप्त्यांनी तो माणूस त्या मशीनवर उभा असायचा. सर्टिफिकेट कुणी विचारत नसे, परीक्षा कुणी घेत नसे. मास्तर घेऊन आले एवढं पुरत असे. सहा बोधचिन्हांची भागीदारी प्रत्यक्षात या एका म्हाताऱ्याच्या शब्दावर चालली होती.

तो शब्द मिळवायची अट एकच होती. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा कानशीने घासून सगळ्या बाजूंनी सपाट आणि काटकोनात आणायचा. तुकडा जमला की मास्तर आपल्याला गाळ्यावर नेणार. माझ्या वहीत या विषयावर तीन रंगांत सोळा पानं होती, आकृत्यांसकट. वर्गातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या. त्या झेरॉक्सवाल्यांचे तुकडे जमले. माझा दर वेळी मधे फुगायचा आणि कडांना उतरायचा. मास्तर तो हातात फिरवून म्हणायचे, "हापिस, दिवाळीला आमच्या घरी ये, लाडू वळायला." घरी ही माझ्या हातांवरच्या फोडांना खोबरेल लावताना खुदखुदायची. म्हणायची, "लग्नात मेंदी एवढी रंगली नव्हती." हसायची खरी, पण महिन्याचं सामान आणायला गेली की आताशा यादी घरीच ठेवून जायची आणि परवडेल तेवढंच आणायची, हेही मला दिसत होतं.

अशात मास्तरांनी सांगितलं की मोल्डिंगच्या कारखान्यातल्या शेठला सोमवारी दोन माणसं हवीत. पगार चांगला होता, काम पक्कं होतं. साळुंख्याचा तुकडा केव्हाच जमला होता. माझा जमत नव्हता. शुक्रवारी मी साळुंख्याला सेंटरमागच्या वडापावच्या गाडीवर नेलं आणि बावीस वर्षांच्या अनुभवाने एक व्यवहार मांडला. त्याच्या पोराच्या कॉलेजचे सगळे अर्ज मी इंग्रजीत लिहून देणार आणि त्याने माझा तुकडा घासून द्यायचा. साळुंखे म्हणाला, "साहेब, मास्तरांना कळलं तर?" मी म्हटलं, "तुकड्यावर काय तुझं नाव लिहिलंय?" त्याने एका दुपारीत तुकडा आरशासारखा केला. मी त्याच्यावर हातोडीने माझा रोल नंबर ठोकला. तेवढं काम मात्र माझं होतं आणि ते फार नीट झालं होतं.

शनिवारी मास्तरांनी तुकड्याला गुण्या लावला. चारी बाजूंनी लावला. मग अंगठा फिरवला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. "काम चांगला झालाय," ते म्हणाले आणि तुकडा खिशात टाकला. मला वाटलं, सुटलो.

सोमवारी आम्ही तिघे शेठच्या केबिनमध्ये बसलो. शेठने हसत चहा सांगितला. "मास्तर स्वतः घेऊन आलेत म्हटल्यावर विचारायचं काय? उद्यापासून या दोघेही." मग काचेतून बाहेरच्या एका मशीनकडे बोट करून मला म्हणाला, "या साच्याखाली आमची पोरं हात घालतात. हिचं सेटिंग उद्यापासून तुमच्याकडे." मी त्या मशीनकडे पाहिलं. एक मुलगी साच्यातून प्लास्टिकचे डबे काढत होती. साचा उघडत होता, मिटत होता आणि तिचा हात आत जात होता, बाहेर येत होता. मी ऐकलं तर माझाच आवाज. "शेठ, माझा तुकडा मी घासलेला नाही. या साळुंख्यांनी घासलाय."

कुणाला वाटेल, काय हा प्रामाणिकपणा! तसलं काही नव्हतं, मी निव्वळ घाबरलो होतो. त्या मुलीची बोटं डोळ्यांसमोर आली, इतकंच.

शेठ हसायचा थांबला. "मास्तर, हे काय?"

"माजी चूक," मास्तर म्हणाले. "मी नीट बगितला नाय."

साळुंख्याला शेठने तिथल्या तिथे ठेवून घेतलं. म्हणाला, दोघांचं काम एकटा करणारा माणूस मला चालेल. मी आणि मास्तर परत निघालो. वाटेत मी विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"छापखाना डावरा हाय," मास्तर म्हणाले. "त्याच्या कानशीच्या रेगा उलट्या तिरप्या पडतात. नंबर तेवडा तुजा होता. नंबर झ्याक होता."

"मग मला नेलंत कशाला?"

"तू बोलतो का बगत होतो."

"आणि नसतो बोललो तर?"

"मी बोल्लो असतो. मंग तू परत सेंटरला आला नसतास." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "उद्या आठला ये. नवा तुकडा काडून ठेवतो."

त्या तुकड्याला तीन आठवडे लागले. तो झाला तेव्हा मास्तरांनी चप्पल घातली आणि चल म्हणाले. या वेळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका लहान गाळ्यावर नेलं. मालक माणूस मऊ होता. त्याने मास्तरांना नमस्कार केला आणि जरा अडखळत म्हणाला, "मास्तर, राग मानू नका, पण आधी टेस्ट घेतो हं." मी मास्तरांकडे बघू शकलो नाही. त्यांनी आणलेल्या माणसाची आजवर कुणी टेस्ट घेतली नव्हती. माझी गोष्ट वसाहतभर झाली असणार, गाळेवाले चहा पिताना दुसरं काय बोलतात? मी आत कानस मारत होतो आणि बाहेर उन्हात, एका रिकाम्या पिंपावर मास्तर शिकाऊ पोराच्या बापासारखे ताटकळत बसले होते. दोन तास. त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही. मी पास झालो. मालक 'चालेल' म्हणाला, म्हणजे जेमतेमच. आजही मी त्याच गाळ्यात आहे.

पुढे प्रकल्पाची मुदत संपली आणि सेंटर बंद करायचं पत्र आलं. पत्राचा मसुदा चांगला होता, हे मी मान्य केलं. मास्तरांच्या निरोपाला कमिटीतलं कुणी आलं नाही, पण गाळेवाले आपापल्या स्कूटरवरून आले. मी दोन पानांचं भाषण लिहून नेलं होतं. ते सुरू करणार तेवढ्यात मोल्डिंगवाला शेठ माझ्या शेजारी येऊन बसला. "तुम्हाला ठाऊक नसेल," तो म्हणाला. "त्या दिवशी संध्याकाळी मास्तर एकटेच परत आले होते माझ्याकडे. म्हणाले, तुकडा बघताच मला कळलं होतं, तरी मी त्याला तुमच्या दारात आणला. मशीन तुमचं, बोटं तुमच्या पोरांची, आणि मी त्याच्या खरेपणाची पारख करत बसलो. आता माझा माणूस टेस्ट घेतल्याशिवाय ठेवू नका. मग आठवडाभर प्रत्येक गाळ्यात जाऊन हेच सांगत होते. आम्ही नको म्हटलं, तर रागावले."

मी भाषण वाचलं नाही. मास्तर गोणपाटात कानशी गुंडाळत होते, तिथे गेलो आणि म्हटलं, "मास्तर, मला माहीत नव्हतं." सत्तेचाळिशी उलटलेला माणूस भर सभेत रडतो आहे हे बघून 'रिक्षा'ने पंखा माझ्याकडे वळवला.

"टेस्टीत पास झालास ना?" मास्तर म्हणाले. "मंग रडतो कशाला? ह्यो गठ्ठा धर."

दोन वर्षांनी मास्तर गेले. आमच्या भागातल्या गाळ्यांत आजही माणूस कुणीही आणलेला असो, आधी त्याची टेस्ट घेतात. परवा एका तरुण मालकाने मला कौतुकाने सांगितलं की ही शिस्त कुठल्याशा सरकारी योजनेने लावून दिली. मी मान डोलावली, चहा प्यायलो आणि घरी आलो. घरी आल्यावर राहवेना, म्हणून इथे लिहून टाकतो. ती शिस्त माझ्यामुळे लागली.