ठिबकची नळी

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की माझा उजवा पाय अजूनही आपोआप जमीन दाबायला लागतो. मावसभावाने जुनी, पण टर्बोवाली डिझेल जीप घेतली होती आणि पहिला मान अर्थातच गडावरच्या देवीचा होता. ब्रेकला जोर देणारी व्हॅक्यूमची नळी टर्बोला घासते, म्हणून त्याने ती दुसऱ्या बाजूने वळवली आणि लांबीला कमी पडली तिथे द्राक्षबागेतली ठिबकची नळी जोडली. “बारा महिने उन्हात पडून ऱ्हाते, काय होत नाय तिला!” चढताना खरंच काही झालं नाही. उतरताना स्टिअरिंग माझ्याकडे होतं. दुसऱ्याच वळणावर मी ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल नव्हे, दगड! समोर दरी, मागे मांडीवर प्रसादाची पिशवी घेतलेली मावशी. मी पहिला गिअर कोंबला, इंजिन किंचाळलं, भावाने हँडब्रेक उपसला, मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, आणि जीप खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. बॉनेट उघडलं. गरमीने मऊ पडलेली नळी आतून ओढली जाऊन उसाच्या चिपाडासारखी चपटी झाली होती. “बघ, व्हॅक्यूम कसला जबरी ओढतोय!” भाऊ कौतुकाने म्हणाला. मावशीने पिशवीतला नारळ उचलला. तो त्याच्या डोक्यात घातला नाही, ही देवीचीच कृपा. परवा भावाच्या नव्या कोऱ्या गाडीतून गडावर निघालो, तर मावशी आत बसेना. बॉनेटवर काठी आपटत म्हणाली, “आधी हे उघड. ठिबक शेतातच हाय ना, बघू दे मला.”