कड्याखालचा धूर

सत्य कधी ना कधी बाहेर पडतंच, असं म्हणतात. माझं पडलेलं नाही. इतकी वर्षं माझ्याच ताटातलं खाऊन ते चांगलं धट्टंकट्टं झालंय. आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीचा आमचा कारखाना नवा होता, आम्ही त्याहून नवे. दत्ता आणि मी चिंचवडला शेजारी राहायचो. एका रविवारी सायकली काढल्या आणि चाकणपलीकडचा डोंगर गाठला. कड्याच्या बुडाला हात लावायचा, संध्याकाळी घरी — एवढाच बेत. चढ अगदी छातीवर. माझी धाप ऐकून दत्ता म्हणाला, "मास्तर, आता तुमच्या पुस्तकांना सांगा मागून ढकलायला!" मास्तर मी नव्हतो; वाचायचो, म्हणून ते नाव.

वाटेत एक गुराखी म्हातारा भेटला. "वर धूर करू नगा राव. कड्याला आग्यामव्हाळ हाय." मी हसलो. कशालाही हसलं की आपण शहाणे, असं तेव्हा वाटायचं.

कड्याखाली बसून मी सिगारेट पेटवली. मी — दत्तानं नाही. त्यानं लग्नातच सोडली होती, बायकोला — सिंधूवहिनींना — शब्द देऊन. "विझवा हो," तो म्हणाला. मी आणखी एक झुरका घेतला. का? त्यानं सांगितलं म्हणून.

मग मोहोळ उठलं, माशा उतरल्या. मी कपारीत शिरलो. तो उतारावर धावला, पडला — आणि उठला नाही.

तेरावा झाल्यावर सिंधूवहिनींनी एकच विचारलं, "भावजी, धूर कुणी केला?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढंही पुरलं असतं. मी म्हणालो, "दत्तानं."

त्या रडायच्या थांबल्या. "मला म्हणाले होते, सोडली." पुढे त्याचा फोटो त्यांनी भिंतीवर लावला नाही. कुणी त्याला चांगलं म्हटलं की उठून आत जायच्या. मी भिंतीपलीकडेच राहत होतो. सांगायला किती वेळ लागला असता?

वहिनी गेल्या. त्याला खोटारडा समजूनच गेल्या.

दत्ताची शोकसभा मात्र थाटात झाली होती — हार, भाषणं, साहेबांचा गहिवर. त्याच्या स्मरणार्थ कारखान्याच्या फाटकाशी पाटी लागली: धूम्रपान करू नये. मजकुराचं काम माझ्याकडे आलं, मी वाचणारा म्हणून. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.